आधी सुई, मग सॉफ्टवेअर

जुन्या रेकॉर्ड संगणकात उतरवून त्यांच्या सीडी करण्याचे काम गेल्या पंचवीसेक वर्षांत घरगुती झाले आहे. ऑडॅसिटी हे विनामूल्य सॉफ्टवेअर २००० साली आले आणि तोवर स्टुडिओत जाऊन पैसे मोजून करून घ्यावे लागणारे काम टेबलावरच्या संगणकावर होऊ लागले. रेकॉर्ड प्लेअरची वायर संगणकाला जोडायची, गाणे भरून घ्यायचे, खरखर काढायची, गाण्यागणिक तुकडे पाडायचे आणि सीडीवर लिहायचे, अशी त्याची कृती सांगितली जाते. तिच्यात सगळ्यांना भुरळ घालते ती खरखर काढण्याची पायरी, कारण तिचा परिणाम तिथल्या तिथे ऐकू येतो. माझे म्हणणे असे आहे की या कामाचे बरेवाईट त्या पायरीच्या कितीतरी आधी ठरलेले असते. कोणती सुई लावली, तबकडी कोणत्या वेगाने फिरवली याची नोंद ठेवली का, ती धुतली का आणि कशाने धुतली, तिच्या लेबलवरचे काय टिपून ठेवले, यांत चूक झाली तर पुढे कोणतेही सॉफ्टवेअर ती भरून काढत नाही. शिवाय खरखर काढण्याचे बटण आपल्या संगीताच्या बाबतीत जपून वापरले नाही तर ते खरखरीबरोबर संगीतही घेऊन जाते. मूळ प्रत जशी वाजते तशीच उतरवावी, साफसफाई करायची ती तिच्या दुसऱ्या प्रतीवर करावी, एवढे पथ्य पाळले तर घरगुती कामही पुढच्या पिढीच्या उपयोगी पडेल.

घरातल्या रेकॉर्ड कशा उतरवाव्यात हा प्रश्न हैदराबादच्या गौलीगुड्यात विचारण्यासारखा आहे. मुसी नदीच्या उत्तरेला, अफजलगंज आणि कोठी यांच्यामधली ही वस्ती तिथल्या मराठी माणसांच्या जुन्या ओळखीची. शेजारी जामबाग, सुलतान बाजार, इसामिया बाजार. केशवराव कोरटकर आणि वामनराव नाईक यांच्या पिढीने उभी केलेली विवेकवर्धिनी संस्था याच परिसरात वाढली, आणि ‘पंचधारा’ हे नियतकालिक चालवणारी मराठी साहित्य परिषदही इथून हाकेच्या अंतरावर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना होईपर्यंत मराठवाड्याचे पाचही जिल्हे हैदराबाद राज्यात होते. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादहून शिक्षणासाठी, वकिलीसाठी, सरकारी नोकरीसाठी माणसे राजधानीत येत आणि पुष्कळ जण तिथेच राहत. निजामाच्या काळातल्या डेक्कन रेडिओवर उर्दूबरोबर तेलुगू, मराठी, कन्नड कार्यक्रमही होत. हे केंद्र १९५० मध्ये आकाशवाणीकडे गेले. अशा शहरातल्या मराठी घरात रेकॉर्डचा पेटारा भरत गेला असेल तर तो पुण्यातल्या किंवा गिरगावातल्या पेटाऱ्यासारखा असणार नाही. बालगंधर्वांच्या आणि हिराबाई बडोदेकरांच्या तबकड्यांना खेटून उर्दू गझला आणि कव्वाल्या असणार. पंडित जसराज यांचे बालपण हैदराबादेत गेले. शाळेच्या वाटेवरच्या एका लहानशा हॉटेलात बेगम अख्तर यांची रेकॉर्ड लागायची आणि ती ऐकत आपण तिथेच बसून राहायचो, असे त्यांनी अनेक मुलाखतींत सांगितले आहे. या शहराने काय ऐकले याचा पुरावा त्या मिश्र पेटाऱ्यांत आहे, आणि एखादी तबकडी एकटी उचलून तिची सीडी केली की तो पुरावा विस्कटतो.

या पेटाऱ्यांतल्या तबकड्या मुळात दोन जातींच्या असतात आणि त्यांची गल्लत घरगुती कामात फार होते. पहिली जात ७८ फेऱ्यांची, लाखेची. लाख, दगडाची बारीक पूड, काजळी आणि थोडा कापसाचा तंतू यांच्या मिश्रणाची ही तबकडी जड आणि ठिसूळ असते. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावते. भारतातले व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग यांनी सुरू केले. १९०८ मध्ये सियालदहला तबकड्या छापण्याचा कारखाना निघाला, पुढे १९२८ मध्ये तो दमदमला गेला. जगात इतरत्र ७८ ची तबकडी बंद पडत असताना आपल्याकडे ती साठच्या दशकातही छापली जात होती. दुसरी जात व्हायनिलची, म्हणजे ३३⅓ फेऱ्यांची एल.पी. आणि ४५ फेऱ्यांची लहान ई.पी. अमेरिकेत एल.पी. १९४८ मध्ये आली, आपल्याकडे ती स्थिरावली साठ आणि सत्तरच्या दशकांत. ‘गीतरामायण’ हे या फरकाचे चांगले उदाहरण आहे. १९५५-५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून ते आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित झाले तेव्हा त्यात अनेक गायक-गायिका होत्या. घराघरांत पोचलेल्या एल.पी. संचात मात्र सगळी गीते सुधीर फडके यांच्याच आवाजात आहेत. माध्यम बदलले की ऐवज बदलतो, तो असा. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली, प्लेअर माळ्यावर गेले आणि तबकड्या भंगारात निघाल्या किंवा जुन्या बाजारात गेल्या.

घरच्या तबकड्या उतरवण्यावरचा पहिला आक्षेप अगदी रास्त आहे. बहुतेक जुनी गाणी आता इंटरनेटवर मिळतात, कंपन्यांनी आपले संग्रह डिजिटल केले आहेत, मग घरातली रेकॉर्ड उतरवायचे कष्ट कशाला? ज्याला केवळ गाणे ऐकायचे आहे त्याच्यापुरते हे खरे आहे. लोकप्रिय एल.पी.च्या बाबतीत तर मीही हेच म्हणेन की कंपनीने मूळ टेपवरून काढलेली प्रत घरच्या झिजलेल्या तबकडीपेक्षा सरस असते. ती उतरवण्यात आठवडे घालवू नयेत. पण कंपनीचा संग्रह म्हणजे त्या एका कंपनीचा संग्रह. ओडियन या जर्मन कंपनीने भारतात दोन टप्प्यांत ध्वनिमुद्रण केले, पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे आणि नंतर १९३० च्या दशकात. मुंबईच्या ‘यंग इंडिया’ने १९३५ ते १९५५ या वीस वर्षांत स्वस्त तबकड्या काढून नवख्या गायकांना, कीर्तनकारांना, शाहिरांना वाव दिला. अशा बंद पडलेल्या कंपन्यांच्या मुद्रणांसाठी आज आधार उरला आहे तो प्रामुख्याने संग्राहकांच्या कपाटांचा. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने आणि तिचे काम पाहणाऱ्या सुरेश चांदवणकर यांनी हे ओळखले. ब्रिटिश लायब्ररीच्या एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅमच्या साहाय्याने त्यांनी आधी यंग इंडिया आणि मग ओडियनच्या तबकड्या अनेक खासगी संग्रहांतून गोळा करून डिजिटल करवून घेतल्या. या कामाने एक गोष्ट सिद्ध केली. दुर्मीळ तबकडी सरकारी अभिलेखागारापेक्षा कुणाच्या तरी घरात सापडण्याचा संभव जास्त असतो. हैदराबादच्या मराठी घरांकडे अजून त्या नजरेने पुरेसे पाहिले गेलेले नाही. आणि इंटरनेटवर जे सापडते तेही बहुधा दाबून लहान केलेल्या फाइलींच्या रूपात, वेगाची आणि क्रमांकाची काही नोंद न ठेवता, कुणीतरी आपल्या मर्जीने ‘साफ’ करून चढवलेले असते. गाणे मिळाले, पण ते कोणत्या तबकडीवरचे हे कळण्याचा मार्ग बंद झाला.

आता कामाच्या क्रमाकडे वळू. तबकडीच्या खाचेत धूळ, तेलकटपणा आणि दमट पावसाळ्यांत धरलेली बुरशी असते. सुई त्या सगळ्यासकट आवाज उचलते. कॅसेट प्लेअरची हेड पुसण्याच्या जुन्या सवयीने पुष्कळ जण स्पिरिटचा बोळा घेतात. व्हायनिलला अल्कोहोल थोड्या प्रमाणात चालते, लाखेला मुळीच चालत नाही, कारण लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतार फ्रेंच पॉलिश तयार करतात ते याच गुणावर. म्हणजे ७८ ची तबकडी स्पिरिटने पुसणे याचा अर्थ तिच्यावरचा आवाज पुसणे. डिस्टिल्ड पाणी, त्यात अगदी थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश, लेबल कोरडे राखणे आणि लगेच टिपून घेणे, एवढे पुरते. यानंतरची गोष्ट सुईची, आणि माझ्या मते संपूर्ण कामातला सर्वांत मोलाचा खर्च तोच. ७८ ची खाच रुंद असते, तिला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते. एल.पी.ची सुई साधारण २५ मायक्रॉनची किंवा त्याहून बारीक. एल.पी.ची सुई ७८ च्या खाचेत तळाशी जाऊन लोळते, भिंतींना नीट टेकत नाही. आवाज तर येतो, पण तळाचा कचरा जास्त आणि गाणे कमी. मग तोच कचरा काढायला माणूस सॉफ्टवेअरशी तासन् तास झटतो. शिवाय या तबकड्या पूर्वी पोलादी पिनांवर वाजल्या आहेत आणि त्या पिनांनी भिंतींचा ठरावीक उंचीचा भाग झिजवला आहे. थोड्या वेगळ्या जाडीची सुई त्या झिजलेल्या पट्ट्याच्या वर किंवा खाली टेकते आणि तिथे आवाज अजून शाबूत असू शकतो. अमेरिकेत इंटरनेट आर्काइव्हच्या ‘ग्रेट ७८’ प्रकल्पासाठी जॉर्ज ब्लड यांच्या संस्थेने एकाच वेळी वेगवेगळ्या मापांच्या चार सुया तबकडीवर टेकवून चार मुद्रणे घेतली, त्यामागे हाच विचार होता. घरी चार सुया शक्य नाहीत. एक योग्य सुई मात्र शक्य आहे.

वेगाचा मुद्दा भारतीय संगीताच्या बाबतीत अधिक गंभीर आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. ‘७८’ हा आकडा पुढे प्रमाण ठरला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत तबकड्या ७० पासून ८० च्या वरपर्यंत कोणत्याही वेगाने मुद्रित होत. समजा एखादे पद ७४ फेऱ्यांवर मुद्रित झाले आणि आपण ते ७८ वर वाजवले. वेग साडेपाच टक्क्यांच्या आसपास वाढतो, स्वर जवळजवळ एका पट्टीने चढतो आणि तीन मिनिटांचे गाणे नऊ सेकंद आधी संपते. काळी एकमध्ये गायलेला गायक पांढरी दोनमध्ये गातो आहे असे ऐकू येते, आवाज कोवळा आणि टोकदार होतो, तान मुळापेक्षा चपळ वाटते. जुन्या गायकांच्या आवाजाबद्दल आणि लयीबद्दल आपल्याकडे जी मते रूढ आहेत त्यांतली किती चुकीच्या वेगावर उभी आहेत, हे तपासण्यासारखे आहे. नाट्यसंगीतात स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुष गायकांच्या बाबतीत तर हा प्रश्न थेट त्यांच्या कलेच्या गाभ्याला भिडतो, कारण आवाज मुळात किती उंच होता आणि यंत्राने किती चढवला, हे वेग ठरवल्याशिवाय सांगताच येत नाही. उपाय अवघड नाही. साथीला पेटी असेल तर तिचा षड्ज कोणत्या पट्टीच्या जवळ पडतो ते पाहावे. पेट्यांची जुळणीही जागोजागी थोडी वेगळी असे, म्हणून तेवढ्यावर न थांबता त्याच गायकाच्या त्याच सत्रातल्या इतर तबकड्यांशी ताडून पाहावे. खाली-वर दोन पर्याय सुचत असतील तर गायकाच्या आवाजाचा नैसर्गिक पल्ला आणि बोलण्याचा सूर मदत करतो. सुरुवातीच्या तबकड्यांवर शेवटी गायक स्वतःचे नाव उच्चारीत असे, आणि बोललेला आवाज गायलेल्या आवाजापेक्षा वेगाची चूक लवकर उघडी पाडतो. हे सगळे मात्र नंतरचे. मूळ मुद्रण एकाच ठरलेल्या वेगाने घ्यावे, वेग नोंदवून ठेवावा आणि दुरुस्ती सॉफ्टवेअरमध्ये, वेगळ्या प्रतीवर करावी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची असल्याने वेग तपासायच्या स्ट्रोब चकतीवर ७७ रेघा स्थिर दिसल्या की प्लेअर मिनिटाला ७७.९२ फेऱ्या फिरतो आहे असे समजावे.

ज्यांच्याकडे ७८ चा प्लेअरच नाही त्यांना ४५ वर वाजवून सॉफ्टवेअरमध्ये वेग वाढवण्याचा सल्ला दिला जातो. तो टाकाऊ नाही, वाकलेल्या तबकडीवर सुई संथ वेगात उलट जास्त स्थिर चालते. पण त्यात एक छुपी अडचण आहे. तबकडी कोरताना खर्ज कमी आणि वरचे स्वर जास्त करून कोरलेले असतात, आणि वाजवताना प्लेअरच्या आतला किंवा बाहेरचा फोनो प्रीअँप ते उलट फिरवून समतोल साधतो. हा उलट फिरवण्याचा आलेख १९५४ च्या सुमाराला आर.आय.ए.ए. या नावाने प्रमाण झाला. त्याआधीच्या ७८ च्या तबकड्या कंपनीगणिक वेगळ्या आलेखांवर कोरलेल्या आहेत आणि १९२५ पूर्वीच्या तबकड्यांना, ज्या कर्ण्यात थेट गाऊन कोरल्या, असा कोणताही आलेखच लागू नाही. तेव्हा आजचा प्रीअँप त्यांच्यावर परका समतोल लादतो. ४५ वर वाजवताना तर तो समतोल चुकीच्या स्वरांवर पडतो, कारण मुळातला ५० हर्ट्‌झचा खर्ज तेव्हा २९ वर उतरलेला असतो. ऑडॅसिटीच्या आलेख-फिल्टरमध्ये आर.आय.ए.ए.चा तयार आलेख आहे, त्याचा उपयोग करून लादलेला समतोल आधी काढून टाकता येतो आणि मग योग्य तो देता येतो. एकदा समजले की हे पाच मिनिटांचे काम आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

आता खरखर. सॉफ्टवेअर दोन वेगळी कामे करते आणि दोन्हींच्या पोटात एकेक गृहीतक आहे. टकटक काढणारे साधन अचानक उसळून लगेच विझणारा तीव्र आवाज शोधते आणि त्याच्या जागी आजूबाजूच्या ध्वनीवरून ठिगळ लावते. त्याचे गृहीतक हे की संगीतात असे आवाज नसतात. आपल्या संगीतात ते असतात. तबल्याच्या चाटीवरचा ‘ना’, पखवाजाची थाप, भजनातले टाळ, लावणीतले घुंगरू, तुणतुण्याची तार आणि चौघड्याची टिपरी हे सगळे अचानक उसळून लगेच विझणारे आवाज आहेत. साधनाची संवेदनशीलता थोडी वाढवली की ते चाटीची धार बोथट करते. तबला मऊ वाटू लागतो, लयीचा टोकदारपणा हरवतो, आणि ऐकणारा म्हणतो की जुन्या मुद्रणांत तबला असाच पुसट यायचा. दुसरे साधन सलग सरसर कमी करते. त्याला आधी केवळ खरखर असलेला तुकडा ऐकवावा लागतो. त्यावरून ते प्रत्येक स्वरपट्ट्यातली खरखरीची पातळी शिकते आणि त्या पातळीखाली जे येईल ते दाबते. त्याचे गृहीतक हे की मागे सतत, मंद, न बदलता चालू असलेला ध्वनी म्हणजे दोष. पण मागे सतत, मंद, न बदलता चालू असणे हेच तर तंबोऱ्याचे काम आहे. तंबोऱ्याच्या जवारीतून निघणारी वरच्या स्वरांची झालर त्या साधनाला खरखरीपासून वेगळी करता येत नाही. नमुना घेताना गाणे सुरू होण्याआधीच्या कोऱ्या खाचेऐवजी तंबोरा वाजत असलेला तुकडा निवडला गेला तर सॉफ्टवेअर इमानदारीने तंबोराच काढून टाकते. नमुना बरोबर घेतला तरी जोर जास्त लावल्यास आवाज थांबला की तंबोरा बुडतो आणि आवाज आला की परत उगवतो. गायकाच्या श्वासांमधल्या जागा, जिथे सूर हवेत तरंगत राहतो, त्या पोकळ होतात. पोथीवरची बुरशी पुसताना शाईही पुसली जावी तसे हे होते, आणि पोथीत ते निदान दिसते तरी.

यावर असा प्रतिवाद होतो की तबकडीची खरखर कुणाला ऐकायची आहे, विशेषतः तरुणांना? अशी ऐकायला अवघड प्रत जपून उपयोग काय? मला हा आक्षेप महत्त्वाचा वाटतो, कारण न ऐकला जाणारा संग्रह काही काळाने कुणालाच नकोसा होतो. म्हणूनच दोन प्रती हव्यात. एक जतनाची, जिच्यावर काहीही केलेले नाही. दुसरी ऐकण्याची, जिच्यावर बेताने काम केले आहे. बेताने म्हणजे काय, तेही सांगता येते. पहिली साफसफाई सॉफ्टवेअरच्या बटणांशिवायच होते. ७८ ची खाच एकेरी ध्वनीची असते, सुई त्यात आडवी हलते, तर धूळ आणि खड्डे तिला वरखालीही हलवतात. स्टिरिओ सुईने दोन्ही बाजू मुद्रित करून त्यांची बेरीज करून एकच वाहिनी केली की वरखालीच्या हालचालीतून आलेली बरीच खरखर आपोआप कटते. एक भिंत फारच झिजली असेल तर दुसरीच घेता येते. तबकडीला तडा असेल तर दर फेरीला एक टक येते, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर, तीन मिनिटांत दोनशे चौतीस. त्या ठरावीक अंतराने येतात म्हणून शोधायला सोप्या असतात, आणि लाट मोठी करून एकेक हाताने दुरुस्त केल्या तर तबल्याला धक्का लागत नाही. सलग सरसर मात्र पूर्ण काढण्याच्या नादी लागू नये. थोडी कमी केली की कान तिच्यापलीकडे जाऊ लागतो, तिथे थांबावे. आणि हे सर्व करून जे उरेल ते आवडले नाही तरी जतनाची प्रत शाबूत असते. दहा वर्षांनी याहून शहाणे सॉफ्टवेअर येईल, ते त्या प्रतीवर चालवता येईल. तंबोरा आणि खरखर यांत फरक करायला शिकलेली साधने येत आहेत. त्यांना मूळ ध्वनी हवा असेल, आपण आज कापून ठेवलेला नव्हे.

जतनाची प्रत किती तपशिलात घ्यावी यावरही वाद आहे. ध्वनी अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, आय.ए.एस.ए.ची, शिफारस सेकंदाला किमान ४८,००० नमुने आणि २४ बिट अशी आहे, आणि शक्य तर ९६,०००. त्याला विरोध करणारे म्हणतात की ७८ च्या तबकडीवर सात-आठ हजार हर्ट्‌झच्या वर संगीत नावालाच असते, मग एवढा पसारा कशासाठी? संगीतापुरते ते बरोबर आहे. पण टकटक आणि ओरखडे यांची धार त्या वरच्या पट्ट्यात असते, आणि ती धार जितकी स्पष्ट उतरेल तितका दोष ओळखणे आणि संगीतापासून सोडवणे सोपे जाते. खर्चाचे कारणही आता उरलेले नाही. ९६,००० नमुने, २४ बिट, दोन वाहिन्या असे धरले तर मिनिटाला सुमारे ३५ एम.बी. जागा लागते. तीन मिनिटांची एक बाजू १०४ एम.बी.ची झाली, म्हणजे पाचशे तबकड्यांच्या हजार बाजू साधारण १०४ जी.बी.त बसतात, खिशात मावणाऱ्या एका हार्ड डिस्कच्या कोपऱ्यात.

मग सीडीचे काय? सीडीचे माप १९८० च्या सुमाराला ठरले, सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट, आणि ऐकण्यासाठी ते आजही पुरेसे आहे. एका सीडीवर तीन मिनिटांच्या चोवीस-पंचवीस बाजू येतात. ज्या घरात आजी-आजोबांना सीडी लावून ऐकायची सवय आहे तिथे ती करून द्यावी, त्यात काहीच गैर नाही. पण घरी लिहिलेली सीडी आणि कारखान्यात छापलेली सीडी या वेगळ्या वस्तू आहेत. घरच्या सीडीत माहिती एका रंगद्रव्याच्या थरात जाळून लिहिलेली असते, तो थर उष्णतेने आणि प्रकाशाने खराब होतो, आणि हैदराबादेत मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. शिवाय सीडी वाचणारी यंत्रेच नाहीशी होत आहेत, नव्या लॅपटॉपमध्ये ती जागा नसते. वीस वर्षांपूर्वी हौसेने रेकॉर्डच्या सीडी करून तबकड्या विकून टाकल्या, अशा घरांत आज ना तबकडी आहे ना वाचता येणारी सीडी. लाखेची तबकडी फुटली नाही तर शंभर वर्षांनीही वाजते. तेव्हा उतरवून झाले म्हणून मूळ तबकडी टाकू नये. फाइल न दाबलेल्या वेव्ह स्वरूपात ठेवावी, तिच्या तीन प्रती दोन वेगळ्या माध्यमांवर कराव्यात, त्यांतली एक दुसऱ्या घरी किंवा दुसऱ्या गावी असावी. फुटलेली तबकडीही फेकू नये. अमेरिकेत कार्ल हेबर यांच्या चमूने तबकडीला स्पर्श न करता तिच्या खाचांची छायाचित्रे घेऊन त्यांतून ध्वनी काढण्याची पद्धत विकसित केली आहे, आणि अशा पद्धतीपुढे दोन तुकडे म्हणजे अजून न वाचलेली तबकडी.

कायद्याची धास्ती घेऊन संस्था या कामापासून दूर राहतात, तीही अनाठायी आहे. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे टिकतो. १९६४ मध्ये निघालेल्या तबकडीवरचा तो हक्क २०२४ च्या अखेरीस संपला, म्हणजे जवळजवळ सगळ्या ७८ च्या तबकड्या त्यातून मोकळ्या झाल्या आहेत. शब्द आणि चाल यांवरचे हक्क वेगळे असतात, कवी किंवा संगीतकार यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे, म्हणून सार्वजनिक प्रसाराआधी ते पाहावे लागतात. पण स्वतःच्या ऐकण्यासाठी प्रत करणे वाजवी वापरात येते. आणि २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये भर पडली तिच्यानुसार नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला, स्वतःजवळ मूळ प्रत असेल तर, जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत करता येते. मराठी ग्रंथालयांनी आणि परिषदांनी या तरतुदीचा आधार घ्यायला हवा. कुटुंबाने पेटारा संस्थेला दिला की मूळ प्रत संस्थेची होते आणि उतरवण्याचे काम कायद्याच्या चौकटीत येते. घरी बसून पाच जणांनी पाच परींनी केलेल्या कामापेक्षा एक योग्य सुई, एक धुण्याचे साहित्य आणि एक संगणक एका खोलीत असणे केव्हाही शहाणपणाचे.

गौलीगुड्यासारख्या ठिकाणी अशी खोली निघेल तेव्हा पहिले काही महिने तिथे एकही तबकडी वाजू नये असे मला वाटते. आधी यादी व्हावी. लेबलवरचे सगळे शब्द, लिपीसकट, कारण मराठी पदांची नावे रोमन अक्षरांत वाटेल तशी छापली जात. कंपनीचा विक्री क्रमांक, आणि लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला साचा क्रमांक, ज्यावरून मुद्रणाचे सत्र आणि कधीकधी साल काढता येते. दुकानाचा शिक्का असेल तर तो, कारण तबकडी सुलतान बाजारातून घेतली की मुंबईहून आली हे तेवढ्यावरूनच कळते. वेष्टनावर कुणी शाईने लिहिलेली तारीख, लग्नातल्या आहेराची नोंद, रागाचे नाव. तबकड्या पेटाऱ्यात ज्या क्रमाने होत्या तो क्रम. दोन्ही बाजूंचे आणि वेष्टनाचे छायाचित्र. ज्या घरातून पेटारा आला त्या घरातली वयस्कर माणसे हयात आहेत तोवर त्यांना विचारून घेतलेले दोन शब्द, कोणती रेकॉर्ड कोणाची आवडती होती, कोणती दसऱ्याला लागायची, कोणती डेक्कन रेडिओवर ऐकून मग विकत आणली. जी. एन. जोशी यांनी एच.एम.व्ही.त ध्वनिमुद्रण अधिकारी म्हणून काढलेल्या वर्षांच्या आठवणी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहिल्या, म्हणून गायकाच्या बाजूने तबकडी कशी घडली याचे काही तपशील आपल्याला माहीत आहेत. ऐकणाऱ्याच्या बाजूने तसे लिखाण फार थोडे आहे. हैदराबादच्या मराठी घरांतल्या माणसांकडून ते अजून काढून घेता येते, आणि त्यासाठी सुई, प्रीअँप, सॉफ्टवेअर यांतले काहीच लागत नाही. वही आणि पेन घेऊन या आठवड्यातही सुरुवात करता येते.